लंबकगतीचे मापन व आलेखन

स्थिर बिंदूपासून टांगलेला आणि गुरुत्वाकर्षणामुळे समतोल स्थितीच्या दोन्ही बाजूंस पुनःपुन्हा हेलकावे घेणारा पदार्थ म्हणजे लंबक होय. लंबकाचे स्थान, वेग व प्रवेग (वेग बदलण्याचे कालमान) ही कालानुसार कशी बदलतात ते मोजणे आणि आलेखाच्या रूपाने मांडणे हा भौतिकीच्या प्राथमिक शिक्षणातील एक मूलभूत प्रयोग आहे. दोरा, धातूचा गोळा, मोजपट्टी व विराम-घड्याळ एवढ्या सामग्रीवर तो पिढ्यान्‌पिढ्या केला जात आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस गती-संवेदक व आलेख काढणारे गणकयंत्र ही साधने उपलब्ध झाल्यापासून या प्रयोगाचे स्वरूप बदलले. विराम-घड्याळ एका दोलनाविषयी एकच संख्या सांगते, तर संवेदक त्या दोलनाचा संपूर्ण मार्ग रेखाटतो.

प्रस्तुत नोंदीतील आकडेमोड ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाच्या परिसरासाठी केली आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यालाही ती व्यवहारतः तशीच लागू पडते. विशिष्ट स्थळ निवडण्यास कारण आहे. क्रमिक पुस्तकांत गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य बहुधा ९.८१ मी./से.² असे दिलेले असते. हे मूल्य यूरोपातील मध्यम अक्षांशांचे आहे, कोकणपट्टीचे नव्हे. तानसा परिसरात प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याहून कमी मूल्य मिळावयास हवे, पण ‘पुस्तकातले उत्तर’ येत नाही म्हणून नेमके तेच खोडले जाण्याचा संभव असतो. हा फरक मोजता येण्याजोगा आहे काय आणि येत असल्यास कोणत्या साधनाने, हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

सिद्धांत : आदर्श साध्या लंबकात दोरा वजनरहित व न ताणणारा असतो आणि सर्व द्रव्यमान एका बिंदूत एकवटलेले असते. असा लंबक लहान कोनातून सोडला असता एक ये-जा पूर्ण होण्यास लागणारा काळ, म्हणजे आवर्तकाल, फक्त लांबी व गुरुत्वीय प्रवेग यांवर अवलंबून असतो. लांबीला गुरुत्वीय प्रवेगाने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्याला ६.२८३२ ने (‘पाय’ या स्थिरांकाच्या दुपटीने) गुणावे, म्हणजे आवर्तकाल मिळतो. यावरून उलट दिशेने,

गुरुत्वीय प्रवेग = ३९.४८ × लांबी ÷ (आवर्तकाल)²

असे सूत्र येते. यात गोळ्याचे वजन कोठेच येत नाही. येथे लांबी मीटरमध्ये घ्यावयाची व ती निलंबनबिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची असावी लागते. या शेवटच्या अटीकडे वाटते त्याहून अधिक लक्ष द्यावे लागते.

गुरुत्वीय प्रवेग पृथ्वीवर सर्वत्र सारखा नसतो. पृथ्वीचे परिवलन व तिचा विषुववृत्ताजवळील फुगवटा यांमुळे तो विषुववृत्तावर किमान (सु. ९.७८० मी./से.²) व ध्रुवांवर कमाल (सु. ९.८३२ मी./से.²) असतो. तानसा जलाशयाचा अक्षांश सु. १९° ३३′ उ. आहे. या अक्षांशास प्रमाण सूत्राने समुद्रसपाटीवरील मूल्य ९.७८६ मी./से.² येते आणि जलाशयाच्या उंचीमुळे पडणारा फरक दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावर असतो. [→ गुरुत्वाकर्षण].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : लंबकाचा आवर्तकाल परमप्रसरावर (समतोल स्थितीपासूनच्या कमाल विचलनावर) अवलंबून नसतो, हे मत गॅलिलिओ यांनी मांडले. १६०२ सालच्या त्यांच्या एका पत्रात त्याचा निर्देश आहे. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गॅलिलिओंचे मत केवळ लहान कोनांपुरतेच, तेही अंदाजाने, खरे असल्याचे दाखवून दिले. दरम्यान झां रीशे हे फ्रेंच ज्योतिर्विद १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेले असता, पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्यांचे घड्याळ तेथे दिवसाला सु. अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ गुरुत्वीय प्रवेग कमी असतो याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय.

भारतात असे मापन महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने हाती घेतले. लंडनच्या रॉयल सोसायटीकडून आणलेले दोन पितळी लंबक घेऊन कॅप्टन जेम्स पॅलाडिओ बॅसेव्ही यांनी १८६५ मध्ये हे काम सुरू केले. १८७१ मध्ये लडाखमधील मोरे पठारावर वेध घेऊन झाल्यानंतर थंडीने व श्रमाने त्यांचा मृत्यू झाला. उरलेले काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केले. या मालिकेतील वेधस्थानांत मुंबईचे कुलाबाही होते. हे लंबक ‘अविकारी’ प्रकारचे होते, म्हणजे त्यांची लांबी बदलता येत नसे. एकच लंबक दोन ठिकाणी झुलविला की दोन आवर्तकालांच्या गुणोत्तरावरून दोन्ही ठिकाणच्या गुरुत्वीय प्रवेगांचे गुणोत्तर मिळते आणि लांबी मोजण्याची गरजच उरत नाही. काळ मोजण्याची त्यांची युक्तीही नमूद करण्याजोगी आहे. प्रयोगाचा लंबक व घड्याळाचा लंबक एकमेकांसमोर झुलवून ते केव्हा केव्हा एकाच क्षणी मध्यबिंदूवर येतात तेवढेच पाहिले जाई. अशा दोन संपातांमधील मोठा कालावधी साध्या घड्याळाने मोजला, तरी आवर्तकालातील अतिसूक्ष्म फरक हाती लागत असे.

लंडनमध्ये (सु. ९.८१२ मी./से.²) बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ मुंबईला (सु. ९.७८६ मी./से.²) आणले, तर ते दिवसाला सु. ११३ सेकंद मागे पडेल. घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांना लंबकाखालचा स्क्रू फिरवून हा हिशेब न करताच जुळविता येत असे.

उपकरणे : गती-संवेदक श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनितरंगांवर चालतो. तो सेकंदाला सु. ४० ते ५० हजार कंपने असलेल्या ध्वनीचे छोटे स्पंद सोडतो आणि समोरच्या वस्तूवरून परतणारा प्रतिध्वनी येईपर्यंतचा काळ मोजतो. वस्तू एक मीटर दूर असेल तर हा काळ सेकंदाचा सु. सहा सहस्रांश भरतो. ध्वनीचा वेग ठाऊक असल्याने त्यावरून अंतर निघते. वटवाघूळ अंधारात भक्ष्य शोधते ते याच तत्त्वाने. संवेदकाच्या ध्वनिफेकीचे मूळ छायाचित्रणात आहे. पोलरॉइड कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या, आपोआप केंद्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यात असा ध्वनि-अंतरमापक बसविला होता आणि तोच पुढे शैक्षणिक प्रयोगशाळांतील उपकरणांत वापरला गेला.

आलेख काढणारे पहिले खिशातले गणकयंत्र कॅसिओ कंपनीने १९८५ मध्ये विक्रीस आणले. १९९० नंतर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची गणकयंत्रे अमेरिकेतील शाळांत रूढ झाली आणि त्याच दशकात गणकयंत्राला थेट तारेने जोडता येणारे संवेदकही तयार झाले. व्यवहारात ‘ग्राफिंग कॅलक्युलेटर’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र संवेदकाकडून आलेल्या काळ-अंतर जोड्या साठविते, पडद्यावर बिंदू मांडते आणि त्यांतून सर्वांत चांगला बसणारा वक्र शोधून काढते. ते बॅटरीवर चालते, ही गोष्ट वीज जाण्याची सवय असलेल्या गावांच्या दृष्टीने लहान नाही. महाराष्ट्रातील शाळांत मात्र ते रुळले नाही. मंडळाच्या परीक्षांत लॉगॅरिथम सारण्यांचा वापर चालू राहिला आणि या यंत्राची किंमतही सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेरची होती.

मांडणी : एक मीटर लांबीचा, न ताणणारा दोरा भक्कम आधारास टांगावा. दोरा खिळ्याला नुसता गुंडाळल्यास झुलताना निलंबनबिंदू वरखाली सरकतो. म्हणून तो फाटलेल्या बुचात किंवा दोन सपाट पट्ट्यांत घट्ट धरावा. संवेदक गोळ्याच्या पातळीत व दोलनाच्या रेषेत, समतोल स्थितीपासून सु. एक मीटरवर ठेवावा. फार जवळच्या वस्तूचे अंतर संवेदकाला घेता येत नाही. जुन्या नमुन्यांत ही मर्यादा अर्धा मीटर, तर नव्यांत सु. १५ सेंमी. असते. ध्वनिशलाका शंकूसारखी पसरत जाते. त्यामुळे जवळपास खुर्चीची पाठ, टेबलाची कड किंवा कुतूहलाने वाकलेला विद्यार्थी असेल, तर गोळ्याऐवजी त्याचेच अंतर नोंदले जाते. आलेखात मध्येच सपाट पायरी किंवा उंच सुळका दिसला, तर तो बहुधा असा परका प्रतिध्वनी असतो. गोळा फार लहान असल्यास प्रतिध्वनी क्षीण होतो, म्हणून पाच-सहा सेंमी. व्यासाचा गोळा घ्यावा. पुठ्ठ्याची चकती जोडल्यास प्रतिध्वनी चांगला मिळतो, पण हवेचा रोध वाढतो.

गोळा हाताने ढकलू नये. तो दोऱ्याने एका बाजूस ओढून बांधावा व तो दोरा जाळून किंवा कापून सोडावा, म्हणजे आडवा झोक बसत नाही. आडवा झोक बसल्यास गोळा लंबवर्तुळात फिरू लागतो व त्याचे प्रतल वळत जाते. हे वळणे पृथ्वीच्या परिवलनामुळे घडणाऱ्या, फूको लंबकात दिसणाऱ्या वळण्याहून वेगळे आहे. तानसाच्या अक्षांशावर पृथ्वीच्या परिवलनामुळे लंबकाचे प्रतल तासाला केवळ सु. ५ अंश वळते. पाच मिनिटांत गोळा स्पष्टपणे तिरका जाऊ लागला, तर दोष सोडणाऱ्या हाताचा असतो.

हवेच्या तापमानाचाही विचार करावा लागतो. ध्वनीचा वेग २०° से. तापमानास सु. ३४३ मी./से. असतो, तर ३५° से. तापमानास, म्हणजे या भागातील उन्हाळ्यातल्या दुपारी, तो सु. ३५२ मी./से. होतो. तापमानाची दुरुस्ती न करणारा संवेदक अशा वेळी प्रत्येक अंतर सु. २.६ टक्क्यांनी कमी दाखवील. परंतु यामुळे आलेखाची फक्त उंची बदलते, रुंदी बदलत नाही. आवर्तकाल संवेदकातील स्फटिक-घड्याळावरून मिळत असल्यामुळे त्याला या दोषाची झळ पोचत नाही. आपल्याला हवी असलेली राशी कोणत्या त्रुटीपासून सुरक्षित आहे व कोणत्या नाही, हे ओळखणे मापनशास्त्रातील एक मोठे कौशल्य होय.

आलेखांचे वाचन : संवेदकाने दर ०.०५ सेकंदाला एक याप्रमाणे पाच सेकंदांत शंभर नोंदी घेतल्या, तर एक मीटर लांबीच्या लंबकाची सु. अडीच दोलने पडद्यावर दिसतात. अंतर-काल आलेख हा ज्या-वक्र (लाटेसारखा समप्रमाण वक्र) असतो. वेगाचा आलेखही तसाच, पण पाव आवर्तकालाने सरकलेला असतो. गोळा टोकाला असताना वेग शून्य व मध्यावर कमाल असतो. प्रवेगाचा आलेख अंतराच्या आलेखाच्या नेमका उलट असतो. टोकाला क्षणभर थांबलेल्या गोळ्याचा प्रवेग सर्वांत जास्त असतो, ही गोष्ट सूत्र पाठ केलेल्या विद्यार्थ्यालाही बहुधा पटत नाही. आलेख एकाखाली एक पाहिले की ती पटते, आणि या उपकरणाचे शैक्षणिक मोल मुख्यतः येथेच आहे. वेग उभ्या अक्षावर व स्थान आडव्या अक्षावर घेतल्यास लंबवर्तुळ मिळते. दोलने मंदावत गेली की ते आत आत जाणाऱ्या सर्पिलात बदलते.

मात्र हे तीनही आलेख सारखेच विश्वसनीय नसतात. संवेदक फक्त अंतर मोजतो. वेग व प्रवेग गणकयंत्र लगतच्या नोंदींच्या वजाबाकीने काढते. अंतराच्या नोंदीत एक मिमी. चूक होऊ शकते असे धरल्यास, ०.०५ सेकंदाच्या अंतराने काढलेल्या वेगात सेकंदाला ४ सेंमी.पर्यंत आणि प्रवेगात १.६ मी./से.² पर्यंत चूक येऊ शकते. एक मीटरचा लंबक १० सेंमी. परमप्रसराने झुलत असेल, तर त्याचा कमाल वेग ३१ सेंमी./से. व कमाल प्रवेग सु. ०.९८ मी./से.² असतो. म्हणजे वेगाचा आलेख वाचण्याजोगा राहतो, पण प्रवेगाच्या आलेखात त्रुटी खुद्द राशीपेक्षा मोठी होऊ शकते. पडद्यावर दातेरी रेषा दिसल्यास गोळा धक्के खात आहे असे समजू नये. वजाबाकी दोनदा केल्याचा तो परिणाम असतो.

नोंदी किती वेळाने घ्याव्यात यालाही महत्त्व आहे. दोन सेकंद आवर्तकालाच्या लंबकाच्या नोंदी दर १.९ सेकंदांनी घेतल्या, तर पडद्यावर ३८ सेकंद आवर्तकालाचे, प्रत्यक्षात नसलेले संथ दोलन दिसेल. चित्रपटात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, तो याच जातीचा आभास होय.

गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य : तानसा येथे ९.७८६ मी./से.² हे मूल्य धरल्यास २५, ५०, ७५ व १०० सेंमी. लांबीच्या लंबकांचे आवर्तकाल अनुक्रमे १.००४, १.४२०, १.७३९ व २.००९ सेकंद येतात. आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर व लांबी आडव्या अक्षावर मांडली असता सरळ रेषा मिळते आणि तिचा चढ ४.०३४ से.²/मी. असतो. ३९.४८ ला या चढाने भागले की गुरुत्वीय प्रवेग मिळतो. या रेषेचा एक विशेष गुण आहे. विद्यार्थ्याने लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता चुकून फक्त त्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली, तर रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी वर सरकते, परंतु तिचा चढ बदलत नाही. २ सेंमी. त्रिज्येच्या गोळ्याच्या बाबतीत हे सरकणे ०.०८१ से.² इतके असते. एकाच लांबीवरून उत्तर काढणाऱ्याला ही चूक कधीच कळत नाही. आलेख काढणाऱ्याला ती दिसते आणि तरीही उत्तर बरोबर मिळते.

आता मूळ प्रश्न असा की, ९.८१ व ९.७८६ यांतील फरक या प्रयोगात दिसेल काय? एक मीटर लांबीच्या लंबकाच्या शंभर दोलनांना पहिल्या मूल्याने २००.६१ सेकंद व दुसऱ्याने २००.८५ सेकंद लागतील. म्हणजे शंभर दोलनांत मिळून अंतर पाव सेकंदाचे आहे. विराम-घड्याळाची कळ दाबणाऱ्या माणसाच्या बोटाची दिरंगाईही साधारण तेवढीच असते. शाळांतून बहुधा वीसच दोलने मोजली जातात व तेथे हा फरक पूर्णपणे लपून जातो. तेवढ्या मापनावरून ९.७ व ९.९ यांच्या दरम्यानची कोणतीही संख्या निघू शकते. अशा वेळी विद्यार्थ्याला नेमके ९.८१ मिळाले, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी त्याची वही पाहावी. शंभर दोलने मोजून तोच प्रयोग दहा वेळा केला व सरासरी घेतली, तर यादृच्छिक त्रुटी सु. एक-तृतीयांश होते आणि साध्या घड्याळानेही हा फरक जाणवू लागतो. मोजणीची सुरुवात गोळा टोकाला असताना न करता तो मध्यातून जाताना करावी, कारण तेथे तो सर्वांत वेगाने जातो व क्षण स्पष्ट ठरतो. पहिल्या क्षणी ‘एक’ न म्हणता ‘शून्य’ म्हणावे. वीस दोलनांत एका दोलनाची गफलत झाली, तर गुरुत्वीय प्रवेगात सु. दहा टक्के चूक होते.

संवेदकाच्या बाबतीतही वाचनाची पद्धत निर्णायक ठरते. आलेखाच्या दोन शिखरांवर दर्शक नेऊन काळ वाचल्यास चूक एका नोंद-अंतराएवढी, म्हणजे ०.०५ सेकंद, सहज होते. दोन दोलनांत ती टक्क्याहून जास्त भरते व विराम-घड्याळापेक्षाही हे वाचन निकृष्ट ठरते. तेच गणकयंत्राला शंभरही बिंदूंमधून सर्वांत चांगला ज्या-वक्र बसविण्यास सांगितले, तर प्रत्येक बिंदूची चूक इतरांच्या चुकांनी बऱ्याच अंशी भरून निघते. नोंदींतील त्रुटी खरोखर यादृच्छिक असतील, तर आवर्तकाल काही दशसहस्रांशांपर्यंत अचूक मिळू शकतो. नोंदी दर ०.२ सेकंदांनी घेऊन प्रयोग वीस सेकंद चालविल्यास अचूकता आणखी वाढते. ९.८१ व ९.७८६ यांतील फरक ओळखण्यास एवढे पुरेसे आहे.

घड्याळाची अडचण अशी संपली की फूटपट्टीची सुरू होते. एक मीटरमध्ये अडीच मिमी. चूक झाली, तर गुरुत्वीय प्रवेगात तीच ०.०२४ मी./से.² ची चूक येते आणि मिळविलेले सारे हातचे जाते. दोरा बांधल्यावर गोळ्याच्या वजनाने तो ताणला जातो. म्हणून लांबी दोरा टेबलावर पसरून न मोजता गोळा टांगलेला असतानाच मोजावी. गणकयंत्र आवर्तकाल नऊ अंकांपर्यंत दाखविते. त्या भरात उत्तर ९.७८६४३ असे लिहिले जाते. मोजपट्टी दोन मिमी.पर्यंतच विश्वसनीय असेल, तर ‘९.७९, कमी-अधिक ०.०२’ एवढेच लिहिण्याचा अधिकार प्रयोग करणाऱ्यास असतो. बॅसेव्ही व हेविसाइड यांनी अविकारी लंबक वापरून लांबीचा प्रश्नच टाळला, त्यामागील शहाणपण येथे ध्यानात येते.

परमप्रसर व संदमन : कोन मोठा असेल तर आवर्तकाल वाढतो. ही वाढ १० अंशांच्या परमप्रसरास ०.१९ टक्का, २० अंशांस ०.७७ टक्का, ३० अंशांस १.७४ टक्का व ६० अंशांस सु. ७.३ टक्के असते. गुरुत्वीय प्रवेगाच्या मूल्यात याची दुप्पट घट येते. समजा, लंबक १० अंशांवरून सोडला व शंभर दोलनांनंतर तो ६ अंशांवर आला. या काळातील सरासरी परिणाम ०.१२ टक्का होतो आणि दुरुस्ती न केल्यास ९.७८६ ऐवजी ९.७६३ मी./से.² हे मूल्य मिळते. ही तफावत जवळजवळ यूरोप व तानसा यांमधील फरकाएवढीच आहे. ९.८१ वापरणारा व कोन न मोजणारा असे दोघे एकाच आकाराच्या, परंतु विरुद्ध दिशांच्या चुका करतात. परमप्रसर ५ अंशांच्या आत (एक मीटर लांबीस सु. ८.७ सेंमी.) ठेवल्यास ही चूक सु. ०.१ टक्क्याच्या आत राहते. संवेदकाचा खरा उपयोग येथे आहे. तो काळाबरोबर प्रत्येक दोलनाचा परमप्रसरही नोंदतो, त्यामुळे दुरुस्ती अंदाजाने न करता हिशेबाने करता येते.

हवेच्या रोधाने परमप्रसर घटत जाण्याच्या क्रियेस संदमन म्हणतात. रोध वेगाच्या प्रमाणात असेल, तर प्रत्येक दोलनात परमप्रसराचा ठरावीक अंश कमी होतो आणि परमप्रसराच्या लॉगॅरिथमाचा आलेख सरळ रेषा येतो. गोळ्याला पुठ्ठ्याची मोठी चकती लावल्यास रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाऊ लागतो. तेव्हा घट सुरुवातीस झपाट्याने व नंतर संथपणे होते आणि रेषा वाकते. विराम-घड्याळाने हा अभ्यास जवळजवळ अशक्यच होता.

इतर साधने : एकविसाव्या शतकात गणकयंत्राची जागा बऱ्याच ठिकाणी मोबाइल दूरध्वनीने घेतली. त्यात प्रवेगमापक व घूर्णनमापक असतात आणि त्यांच्या नोंदी आलेखरूपात दाखविणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. जर्मनीतील आखेन तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसृत केलेली ‘फायफॉक्स’ ही त्यांपैकी एक होय. दूरध्वनीच दोऱ्यांना टांगून लंबक म्हणून झुलविल्यास एक चकवा संभवतो. गोळ्याबरोबर जाणाऱ्या प्रवेगमापकाला झुलण्याच्या दिशेत जवळजवळ काहीच जाणवत नाही. त्याला जाणवतो तो दोऱ्यातील ताण, आणि हा ताण एका दोलनात दोनदा, म्हणजे मध्यातून जाताना व परतताना, कमाल होतो. त्यामुळे दिसणारा आवर्तकाल खऱ्याच्या निम्मा असतो व गुरुत्वीय प्रवेग चौपट येतो. घूर्णनमापकाच्या नोंदी घेतल्यास ही अडचण येत नाही.

परिसरातील लंबक : शहापूर व मुरबाडच्या पाड्यांवर घराच्या आढ्याला टांगलेली मुलाची झोळी हा रोजच्या पाहण्यातला लंबक होय. निलंबनापासून मुलापर्यंत दोन मीटर अंतर असेल, तर तिचा एक हेलकावा सु. २.८ सेकंदांचा असतो. मूल वाढले तरी तो तसाच राहतो, कारण आवर्तकाल वजनावर अवलंबून नसतो. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या पाच मीटर दोराच्या झोक्याचा आवर्तकाल सु. ४.५ सेकंद असतो, परंतु तेथे कोन मोठे असल्याने साधे सूत्र अपुरे पडते. शिवाय उभे राहून झोका चढविणारी व्यक्ती मध्यातून जाताना अंग ताठ करते व टोकांना गुडघे वाकविते, त्यामुळे लंबकाची परिणामी लांबीच दर दोलनात दोनदा बदलते व त्यातून दोलनाला ऊर्जा मिळते. अशा झोक्यापुढे संवेदक ठेवल्यास परमप्रसर घटण्याऐवजी वाढत जाणारा आलेख मिळतो.

गवंड्याचा ओळंबा म्हणजे स्थिर झालेला लंबक. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणासारख्या दगडी भिंतीचे बांधकाम ओळंब्यावाचून होत नाही. मोठ्या काँक्रीट धरणांच्या आतही तारेचे लांब ओळंबे टांगून पाण्याच्या दाबाने भिंत किती झुकते ते मोजण्याची पद्धत आहे. भूकंपलेखकाचे तत्त्वही लंबकाचेच आहे. जमीन हलते तेव्हा टांगलेले जड वस्तुमान जडत्वामुळे मागे राहते व त्या दोहोंमधील सापेक्ष हालचाल नोंदली जाते. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात जलाशय भरू लागल्यानंतर १९८३ मध्ये भूकंपांची मालिका जाणवली, तेव्हा तिचा अभ्यास याच प्रकारच्या उपकरणांच्या आलेखांवरून झाला. त्यांतही लंबकाचा स्वतःचा आवर्तकाल व त्याचे संदमन आधी मोजून ठेवावे लागते, कारण उपकरणाचे स्वतःचे झुलणे वजा केल्याखेरीज जमिनीचे हलणे किती हे सांगता येत नाही. [→ भूकंपविज्ञान].